नागपूर-मुंबई आठ तासांत, पण मेहकरहून किती? विमान अन् समृद्धीचा खरा हिशेब

बुलढाणा : नागपूर ते मुंबई विमानाने दीड तास, समृद्धी महामार्गाने आठ तास. हे आकडे आता सगळ्यांना पाठ झालेत. पण ते दोन टोकांच्या शहरांचे आहेत. मधल्या मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा तालुक्यांतल्या माणसाचा हिशेब वेगळाच निघतो.

अंतर किती?

हवेतून सरळ रेषेत नागपूर-मुंबई अंतर सुमारे 685 किलोमीटर. रेल्वेने 837. समृद्धी 701 किलोमीटर, पण तो भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, तर 5 जून 2025 रोजी इगतपुरी-आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. पूर्वी याच प्रवासाला 16 तास लागायचे.

विमान खरंच लवकर पोचवतं का?

नागपूरकराला हो. विमानतळावर दोन तास आधी जाणं, सामान घेणं, मुंबईतली गर्दी, सगळं धरून पाच तासांत काम होतं. कारपेक्षा तीन तास वाचतात.

मेहकरवाल्याचं तसं नाही. त्याला मुंबईचं विमान पकडायला आधी छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. तिथवर दोन-अडीच तास, विमानतळावर दोन तास, हवेत तासभर, मग मुंबईतला प्रवास. झाले सहा तास. समृद्धीने कारही साधारण तेवढ्याच वेळात मुंबईत पोचते. म्हणजे तिकिटाचा खर्च करूनही हातात फारसं काही लागत नाही.

आठ तास कोणाचे?

आठ तास कारचे. कारला वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर, मालवाहू गाडीला 80. भाजीपाला घेऊन निघालेल्या टेम्पोला नागपूर-मुंबईचा महामार्गच न थांबता पावणेनऊ तास लागतो. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टरला तर समृद्धीवर प्रवेशच नाही. रस्ता शेताच्या बांधाला लागून गेला तरी दोन्ही बाजूंनी कुंपण. चढायचं तर इंटरचेंजवरूनच, अन् मध्येच हात दाखवून एसटी थांबवता येत नाही. ज्याच्या दारात चारचाकी नाही, त्याला पेशंट मुंबईला न्यायचा तर भाड्याची गाडी करावी लागते अन् टोल वेगळाच.

वेग अन् जीव

वेळ वाचवण्याच्या नादात काय होतं, हे याच जिल्ह्याने पाहिलंय. 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली. 25 प्रवाशांचा जीव गेला. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, तापलेलं टायर फुटतं. दोन तासांनी अर्धा तास थांबलं, तर मुंबई काही पळून जात नाही.

राहिलेलं काम

समृद्धीसाठी दहा जिल्ह्यांतल्या 392 गावांच्या शिवारातून जमीन गेली. शहरांमधलं अंतर निम्म्या वेळावर आलं, हे खरंच आहे. पण गाव ते इंटरचेंज हा रस्ता खड्ड्यांचा असेल, तिथवर एसटी नसेल, तर मेहकरच्या शेतकऱ्यासाठी मुंबई होती तिथेच आहे. तालुक्याच्या गावाहून इंटरचेंजपर्यंत जोडबस अन् चांगला जोडरस्ता, एवढी मागणी ग्रामसभांनी ठरावात घेतली, तरच आठ तासांचा आकडा खेड्यातल्या माणसाच्या कामाचा ठरेल.