पडलेली गाडी उचलण्याची युक्ति

शक्तीपेक्षां युक्ति श्रेष्ठ, असें आपण मुलांना लहानपणीं शिकवितों आणि प्रसंगीं स्वतःच विसरतों. जड मोटारसायकल उभी करतांना किंवा वळवितांना पाय घसरतो व गाडी कलंडते. अशा वेळीं स्वाराला इजेपेक्षां लाजच अधिक बोंचते. लोक हंसण्यापूर्वीं गाडी उभी करावी म्हणून तो कमरेंत वांकतो, दोन्ही हातांनीं हँडल धरतो आणि हिसका देतो. येथेंच घात होतो. गाडीचा आरसा फुटला तर दुसरा मिळतो. पाठीच्या मणक्यांमधली चकती सरकली तर घरचा मिळवता मुलगा अंथरुणाला खिळतो आणि त्याची झळ साऱ्या कुटुंबाला लागते.

रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० या गाडीचें वजन पेट्रोलासह सुमारें १९५ किलो, म्हणजे जुन्या पक्क्या मापानें पांच मणांहून अधिक आहे. परंतु हा सगळा भार कोणासही उचलावयाचा नसतो. चाकें भूमीवरच राहतात आणि पेटीचें झांकण बिजागरीवर उघडावें तशी गाडी त्यांच्या आधारानें वर फिरते.

युक्ति हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणें या धातूपासून झाला आहे. आमच्या मतें या कामाचें सारें मर्म त्या धातूंत आहे: शरीर भाराला जोडलेलें असावें, दूर राहून ओढूं नये.

प्रथम आपणांस कोठें लागलें आहे काय तें पाहावें व येणाऱ्या वाहनांना सावध करण्यास कोणास तरी सांगावें. मग इंजिन बंद करावें. पेट्रोल गळत असल्यास जवळपास कोणी काडी ओढूं नये. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर काम सोपें. कारण बाजूचा स्टँड व गिअरची पट्टी डावीकडे, म्हणजे वरच्या अंगाला राहतात. स्टँड आधींच उघडून ठेवावा आणि गिअर टाकावा, म्हणजे गाडी सरकत नाहीं. डाव्या कुशीवर पडल्यास हीं दोन्ही साधनें खालीं दबतात. तेव्हां चाकांना दगड लावावे.

आतां खालच्या बाजूची मूठ टाकीजवळ येईल असें हँडल पूर्ण वळवावें. गाडीकडे पाठ करून गुडघे वांकवावे व कमरेखालचा भाग बैठकीस टेंकवावा. एका हातानें ती मूठ, दुसऱ्यानें बैठकीमागची दांडी धरावी. तापलेल्या सायलेन्सरला मात्र हात लागूं देऊं नये. पाठ ताठ, दृष्टि समोर. मग मांड्यांच्या जोरावर मागें मागें लहान पावलें टाकावीं. अंगानें बारीक असलेल्या मुलींनाही ही रीत साधते, कारण येथें दंडांचें काम थोडें आणि पायांचें अधिक.

आरंभीं भार सर्वांत अधिक लागतो. गाडी जसजशी वर येते तसतसा तो कमी होतो आणि ती सरळ होतांच नाहींसा होतो. पुष्कळजण याच क्षणीं फसतात. चढलेला जोर आवरत नाहीं आणि गाडी पलीकडे कोसळते. म्हणून शेवटची हातभर चाल अगदीं सावकाश करावी. डावीकडे पडलेली गाडी उभी राहिल्यावर ती न सोडतां पायानें स्टँड उघडावा. पुन्हां निघण्यापूर्वीं ब्रेक व हँडल तपासावें.

उतारावर, चिखलांत किंवा पाठ आधींच दुखरी असतां एकट्यानें हें धाडस करूं नये. चौघांना हांक मारण्यांत कमीपणा नाहीं. आपल्या घरांत तर जड कपाट हलवावयाचें झालें कीं प्रथम हांकच मारली जाते. ज्यांच्या घरीं अशी गाडी आहे त्यांनीं एखाद्या रविवारीं अंगणांत जुनी गादी पसरावी, दोघांनीं धरून गाडी हलकेंच तिच्यावर आडवी करावी आणि चालविणाऱ्या प्रत्येकानें, मुलानें तसेंच सुनेनेंही, ती उभी करून पाहावी. अंगणांत जमलेली रीत रस्त्यावर लोक पाहत असतांही आठवते.