फिरवलेली होडी

मी दहा वर्षांची असेन. नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता आणि मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून बाबांची होडी बांगड्याला गेली होती. बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. किल्ल्याच्या पलीकडे गेल्यावर त्यांनी आभाळ बघितलं, ‘वारो फिरलो, होडी फिरवा,’ म्हणाले आणि कोरडी जाळी घेऊन परत आले. शेजारची होडी पुढे गेली. ती बुडाली नाही. टोपल्या भरून बांगडा घेऊन आली. पुढचे आठ दिवस बंदरावर ‘तांडेल भियालो’ हेच चाललं होतं. आईसुद्धा गप्प होती. बाबा एवढंच म्हणाले, ‘बांगडो आज नाय तर उद्या गावतलो.’

पुढे तीस वर्षं मी शाळेत मुलांना धाडसाच्या गोष्टी सांगितल्या. ही मात्र कधी सांगितली नाही, कारण तिच्यात बाबा जिंकत नाहीत. ते चुकलंच माझं.

परत फिरणं किती अवघड असतं, त्याची एक गोष्ट सांगते. 1968 साली इंग्लंडहून एकट्याने, कुठेही न थांबता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. नऊ जण निघाले, पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. त्यांची ‘सुहैली’ आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. पण मला जास्त आठवतो तो त्याच शर्यतीतला डोनाल्ड क्रोहर्स्ट. त्याची नौका गळत होती, पुढचा दक्षिणेचा समुद्र आपल्याला झेपणारा नाही हे त्याला कळलं होतं. पण परत फिरलं तर दिवाळं निघणार आणि गावभर शोभा होणार. म्हणून तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि आपण फार पुढे गेलो आहोत असं खोटंच कळवत राहिला. जुलै 1969 मध्ये त्याची नौका सापडली, रिकामी. समुद्राने त्याला मारलं असं मी म्हणणार नाही. त्याला परतीची वाट कुणी ठेवलीच नव्हती.

आता आपल्या कमांडर दिलीप दोंदे यांच्याकडे बघा. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. दोंदे 2006 मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले. मग गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटांची ‘म्हादेई’ बांधली जात असताना तिथे ठाण मांडून राहिले. आपल्या नौकेत कुठे काय आहे ते हाताला माहीत झाल्यावरच, 19 ऑगस्ट 2009 रोजी, ते मुंबईहून निघाले. आणि निघताना चार थांबे ठरवून निघाले: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन. मे 2010 मध्ये ते मुंबईला परत आले. न थांबता प्रदक्षिणा झाली ती नंतर, 2013 मध्ये, त्याच म्हादेईतून, अभिलाष टॉमी यांच्या हातून. आधी थांबून, दुरुस्त्या करून समुद्र समजून घेतला गेला, मग पुढची पायरी. हे शहाणपण मला आमच्या जुन्या तांडेलांचं वाटतं.

टॉमी यांचं पुढचंही सांगायला हवं. सप्टेंबर 2018 मध्ये दुसऱ्या एका शर्यतीत, हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात डोलकाठी मोडली आणि पाठीचा कणा जायबंदी झाला. त्यांनी मदत मागितली. फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पाठीत टायटॅनियम घालून ते पुन्हा चालायला शिकले, आणि 2022 मध्ये तीच शर्यत पुन्हा लढून एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले. नौका सोडून दिलेल्या माणसालाच हे करता आलं.

आज आमच्या किनाऱ्यावर तारकर्लीपासून देवबागपर्यंत पर्यटकांच्या होड्या आहेत. डॉल्फिन दाखवायला निघालेला होडीवाला वारा बघून अर्ध्यातून फिरला, तर गिऱ्हाईक पैसे परत मागतं आणि वर चार शब्द ऐकवतं. डिझेल जळलेलं असतं, होडीचा हप्ता डोक्यावर असतो. उद्या तो फिरेल का? होडी वाऱ्यामुळे परतली तरी फेरीचे पूर्ण पैसे द्यायचे, असा नियम होडीवाल्यांच्या संस्थांनी आणि प्रशासनाने करायलाच हवा. सुट्टीला येणाऱ्या मंडळींनी तर नियमाची वाटही बघू नये.

चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात. एका वर्षी शेवटच्या बोयाजवळ एका मुलाने हात वर केला. बचावाची होडी त्याला घेऊन आली. किनाऱ्यावर टाळ्या चालल्या होत्या, त्या थांबल्या. पोर टॉवेलात तोंड लपवून वाळूत बसलं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, ‘हात कधी वर करूचो, ह्या तुका कोणी शिकवलान?’ ‘आजोबांनी,’ तो टॉवेलातूनच म्हणाला. मग मी त्याला आमच्या बाबांची, कोरड्या जाळ्यांची ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली.