‘मूळचे कोण?’

सातारा-सांगलीकडील ख्रिस्तसभेची मूल्ये कोणती, असे विचारताच प्रीती, सेवा, समता ही नावे आपण घडाघडा म्हणतो. परंतु मूल्य उच्चाराने नव्हे, आचाराने सिद्ध होते. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत उभारलेल्या मिशन रुग्णालयाचे दार सर्व जातिधर्मांच्या रुग्णांना उघडे होते. ‘ते प्रेस्बिटेरियन, आपण कॅथॉलिक,’ असे म्हणून आपली सुटका नाही. विभक्त बंधूंमधील चांगले ते आनंदाने मान्य करावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच सांगितले आहे. मग एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारे आपण सोयरिकीच्या वेळी हळूच ‘मूळचे कोण?’ असे का विचारतो? बंधुभगिनींनो, हा प्रश्न ज्या घरात थांबेल, तेथेच समता खरी ठरेल.