राखणीचा कुत्रा आणि पाठलागाचा कुत्रा

शेतकऱ्याच्या वस्तीवर कुत्रा असावा, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. गोठ्यातील जनावरे, खळ्यावरील धान्य व विहिरीवरील पंप या सर्वांची राखण तो चतकोर भाकरीवर करितो. इतक्या अल्प वेतनाचा चाकर दुसरा मिळावयाचा नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्र्याला जी जागा मिळाली आहे ती उगीच नव्हे. परंतु याच कुत्र्याची साखळी काढून त्यास सशामागे, कोल्ह्यामागे किंवा रानडुकरामागे सोडण्याची जी हौस आमच्या भिंगारच्या आसपास व जिल्ह्यात इतरत्रही दृष्टीस पडते, तिजविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. राखण आणि पाठलाग ही दोन कामे दिसावयास जवळची, पण जातीने अगदी भिन्न आहेत. राखणीत कुत्रा धन्याच्या हद्दीत व धन्याच्या हाकेत असतो. पाठलागात तो पहिल्या दहा पावलांतच दोन्हींच्या बाहेर जातो. तेथून पुढे तो जे करील त्यावर धन्याची सत्ता चालत नाही, मात्र त्याचा हिशेब धन्याच्याच खात्यावर पडतो. सत्ता नाही आणि जबाबदारी आहे, असा व्यवहार शहाणा शेतकरी जमिनीच्या बाबतीत कधी करणार नाही. मग कुत्र्याच्या बाबतीत तरी त्याने तो का करावा?

ही हौस काही अंशी जुनी, काही अंशी उसनी आहे. होळी-शिमग्याच्या सुमारास गावपारधीस निघण्याची चाल आपल्याकडे अनेक ठिकाणी होती. कारवान व मुधोळ या उंच, सडपातळ जाती नजरेने सावज टिपून धावण्याकरिताच दख्खनात जोपासल्या गेल्या. १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात जनरल वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे भिंगारास गोऱ्या पलटणींच्या छावणीचा शेजार जडला. हिंदुस्थानातील छावण्यांत साहेबलोक नाना जातींच्या कुत्र्यांचा मिश्र कळप बाळगून पहाटे कोल्ह्यामागे घोडे फेकीत. अशा कळपास ते ‘बॉबरी पॅक’ म्हणत. त्यात लांब पायांचे कुत्रे धावण्यास आणि आखूड पायांचे टेरियर बिळात शिरण्यास असत. साहेब गेले, त्यांचे घोडे व नोकरचाकरही गेले; पण साखळी सोडून मौज पाहण्याची हौस तेवढी मागे राहिली.

टेरियर या जातीविषयी येथे दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे, कारण हौशी मंडळी हल्ली हे लहानगे विलायती कुत्रे पैसे मोजून आणितात. या नावाचे मूळ भूमिवाचक लॅटिन शब्दात आहे. जमिनीखाली बिळात शिरून सावजास बाहेर काढणे अगर जागीच अडवून भुंकत राहणे, हे याचे काम. इंग्लंडातील डेव्हन परगण्याचे पाद्री जॉन रसेल (१७९५-१८८३) यांनी जोपासलेली या कुत्र्यांची एक शाखा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आता बिळात धन्याचा आवाज पोहोचत नाही. तेथे कुत्र्याने आपल्याच बुद्धीने व हट्टाने वागावे लागते, म्हणून पिढ्यान् पिढ्या हट्टी कुत्रेच निवडून त्यांची पैदास करण्यात आली. तात्पर्य, वास लागताच टेरियर हाक ऐकत नाही हा त्याचा दोष नसून तोच त्याचा गुण आहे. असे जनावर मोकळे सोडून मागून शिट्ट्या वाजवीत बसणे म्हणजे उतारावर बैल सोडलेल्या गाडीस ‘थांब’ म्हणण्यासारखे आहे.

विलायतेत असा कुत्रा बिळात अडकला तर त्याच्या गळपट्ट्यातील यंत्राने जागा हुडकून काढतात व फावड्याने खणून त्यास बाहेर घेतात. आमच्याकडील ओढ्याच्या दरडीत व मुरमाड माळावर ज्यांनी कुदळ चालविली आहे, त्यांस खणण्याचे ते काम किती कठीण आहे हे सांगावयास नको. वरची दरड ढासळली म्हणजे कुत्रा आत गुदमरून मेलाच. शिवाय आपल्याकडील बिळात काय बसले आहे याचा नेम नाही. साळिंदर असेल तर ते पाठ फिरवून काटे ताठ करिते आणि ते काटे कुत्र्याच्या जबड्यात व डोळ्यांत रुततात. नाग किंवा घोणस असेल तर पुढील वर्णन नकोच. आणि ज्या इंग्लंडात ही विद्या जन्मली, तेथेच २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी वन्य जनावरांची शिकार करणे बंद करण्यात आले. २००५ च्या फेब्रुवारीपासून तो कायदा अंमलात आहे. बिळात कुत्रा घालण्याची जी थोडकी मुभा तेथे उरली आहे, तीतही एका वेळी एकच कुत्रा व जमीनमालकाची लेखी परवानगी जवळ, अशा अटी आहेत.

आता आपल्या देशाचा कायदा पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बंदूक चालविण्यापुरती नाही. जनावरास पकडणे, हाकणे, कुत्र्यांकरवी पळवून गाठणे, आणि तसा प्रयत्न करणे हेही त्या व्याख्येत येते. सबब ‘आम्ही काही मारिले नाही, कुत्रेच धावले’ ही सबब चालावयाची नाही. ससा, साळिंदर, कोल्हा, खोकड, घोरपड, रानडुक्कर ही सर्व जनावरे त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सामान्य गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. काळवीट, चिंकारा, लांडगा, घोरपड यांसारख्या पहिल्या अनुसूचीतील जनावराविषयी गुन्हा घडल्यास कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड आहे. कुत्रा सशामागे सोडला आणि वाटेत हरणाचे पाडस उठले, तर तो काही अनुसूची पाहून मागे फिरत नाही. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० पासून आहे. पण काळवीट अभयारण्याची हद्द जाणत नाही. ते आपल्या शेतांतूनही चरते.

याखेरीज पाळीव जनावराविषयी हयगय करून माणसाच्या जिवास अगर शरीरास धोका होऊ देणे हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही, अशी तरतूद झाली आहे.

कायदा बाजूस ठेविला तरी शेजारधर्म उरतोच. पाठलागास चटावलेला कुत्रा सावज न मिळाल्यास धनगराच्या मेंढवाड्यावर पडतो. धनगराचा स्वतःचा कुत्रा पाहा. तो कळप सोडून दूर जात नाही, कारण त्यास राखण शिकविलेली असते, पाठलाग नव्हे. त्याहून गंभीर गोष्ट उसाच्या फडातील. तोडणीच्या दिवसांत रानडुकरे उसाच्या शेवटच्या पट्ट्यात दडून राहतात आणि काही मंडळी तेथे कुत्री सोडितात. बिथरलेले डुक्कर सुळे उगारून ज्या बाजूने सुटते, त्याच बाजूस बहुधा तोडणी मजुरांच्या कोप्या असतात. त्या पाचटाच्या कोप्यांत त्यांची लेकरे निजलेली असतात व दाराशी बैल बांधलेले असतात. आपल्या करमणुकीसाठी दुसऱ्याच्या लेकरावर संकट सोडण्याचा अधिकार कोणासही नाही. अंधारात धावणाऱ्या कुत्र्यांस व त्यांमागील पोरांस कठडा नसलेल्या विहिरी दिसत नाहीत, हेही ध्यानी असावे.

आपल्या जिल्ह्यात बिबट्याची गोष्ट तर वेगळीच आहे. अकोले तालुक्यातील शेतशिवारात राहणाऱ्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या मानाने सुमारे ३९ टक्के आहार कुत्र्यांचा आढळला. म्हणजे उसात शिरलेला कुत्रा ज्यास शिकारी वाटतो, त्याने तो बिबट्याच्या दृष्टीने पानावरचा घास आहे हे विसरू नये. आणि घाबरलेला कुत्रा पळून येतो तो धन्याच्याच पायांत.

रोगाचाही विचार करावा. माणसास होणाऱ्या रेबीजच्या ९९ टक्क्यांपर्यंत घटना कुत्र्यापासून घडतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. कोल्ह्याशी झोंबलेला कुत्रा तो रोग घेऊन अंगणात मुलांमध्ये परत येऊ शकतो. उलट कुत्र्याचे रोग रानातही जातात. २०१८ च्या सप्टेंबरात गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह थोड्या दिवसांत मेले. त्यांपैकी काहींत कुत्र्यांत नेहमी आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणू सापडले.

यावर शेतकरी बांधव म्हणतील, ‘डुकरे एका रात्रीत मका व भुईमूग लोळवितात, सरकारी परवानगीची वाट पाहत बसावे काय?’ त्यांची ही तक्रार खोटी नाही. वर्षाचे पीक डोळ्यांदेखत जाणे काय असते, हे पंचनाम्याचे कागद हाताळण्यात नोकरी घालविलेल्या आम्हांस ठाऊक आहे. परंतु कुत्र्यांनी डुकरे संपत नाहीत. ती आपल्या वावरातून शेजाऱ्याच्या वावरात जातात व तिसऱ्या रात्री परत येतात. उभ्या पिकात कुत्र्यांची व माणसांची जी तुडवातुडव होते, तिने डुकरांचे माग पुसले जातात. मग पंचनाम्यास येणाऱ्याने पिकाची नासाडी कोणी केली असे लिहावे? भरपाईचा अर्ज अशाने दुबळा होतो. पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुकराबाबत कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे अधिकारी लेखी व सकारण आदेश देऊ शकतो. एकेकट्याने हेलपाटे घालण्यापेक्षा शिवारातील दहा खातेदारांनी संस्थेमार्फत मिळून अर्ज करणे अधिक फलदायी होईल, असे आमचे मत आहे.

कुत्र्यास जन्मभर आखूड साखळीस जखडून ठेवावे, असे मात्र आम्ही सुचवीत नाही. नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरविण्यात हयगय करणे हाही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. मधला मार्ग सोपा आहे. बांधाच्या कडेने दोन खांबांमध्ये तार ताणावी, तीत कडी ओवावी व कडीस लांब दोरी बांधावी. कुत्रा सबंध बांधभर फिरतो, भुंकतो, पण हद्द सोडीत नाही. बिबट्याचा वावर असल्यास रात्री त्यास जाळीच्या मजबूत खुराड्यात घ्यावे. दरवर्षी रेबीजची लस टोचावी. रानात नेताना साखळी हाती असावी, आणि हाकेसरशी परत येण्याची सवय पक्की होईपर्यंत ती काढू नये. बिळात कुत्रा कधीही घालू नये. ऊसतोडीचे वेळी मुकादमास विचारून एका बाजूने तोड चालवावी, कोप्यांच्या विरुद्ध बाजूस जनावरास निसटण्यास वाट मोकळी ठेवावी, आणि त्या दिवशी वस्तीवरील सर्व कुत्री बांधून ठेवावीत. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लागलीच दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. येथे हातचे म्हणजे राखणीचा इमानी कुत्रा, शेजाऱ्याचा स्नेह व स्वतःची अब्रू. आणि पळते म्हणजे एक ससा. हा सौदा कोणत्या बाजूस जड आहे, ते हिशेबी वाचकांनी आपल्या मनाशीच ताडून पाहावे. येत्या तोडणीच्या हंगामापूर्वी प्रत्येक गावच्या सभासदांनी एकत्र बसून हा विषय आपल्या सभेपुढे घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.