‘मराठी फॉन्ट पाठव’ नावाची अंधश्रद्धा

मंडळी, गंडे-दोरे, उलटं लिंबू वगैरे अंधश्रद्धांवर पुष्कळ लिहून झालंय. आज जरा शिकल्या-सवरल्या माणसांच्या एका अंधश्रद्धेबद्दल. ‘कॉम्प्युटरवर मराठी हवी तर मराठी फॉन्ट लागतो.’ इंजिनिअर, प्राध्यापक, प्रकाशक, सगळे हे छातीठोकपणे सांगतात. फाइल उघडली की अगम्य अक्षरं दिसतात, आणि मग उत्तर येतं, "अरे, फॉन्ट पाठवतो ना!"

फॉन्ट म्हणजे नुसता अंगरखा हो. कॉम्प्युटर अक्षरं साठवतो ती आकड्यांच्या रूपात. युनिकोडमध्ये ‘कमल’ लिहिलं तर २३२५, २३५०, २३५४ असे आकडे साठतात, आणि ते जगभर क, म, ल यांचेच असतात. तेच नाव ‘कृतिदेव’मध्ये टाइप केलं तर फाइलमध्ये जातात १००, १०१, १२१. म्हणजे इंग्रजी डी, ई आणि वाय! फॉन्ट त्यांच्यावर क-म-ल असे मुखवटे चढवतो, बस्स. मुखवटा काढला की आपली कमलमावशी ‘डे’ होते.

नव्वदच्या दशकात दुसरा उपाय फारसा नव्हता, हे कबूल. पण भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली आलं, त्यामागच्या कामात आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातली देवनागरी ‘इस्की’च्याच आधीच्या आराखड्यावर बेतलेली. विंडोज २०००पासून ती घरच्या कॉम्प्युटरवरही चालू लागली. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला, तोही युनिकोडमध्ये. आणि आज ज्या आजी फोनवरून ‘शुभ सकाळ’ पाठवतात, त्यांनी कधी कुणाकडे फॉन्ट मागितलाय?

मग पुढचं पालुपद: "युनिकोडमध्ये मराठी नीट येत नाही." काय येत नाही? ‘दऱ्या’तला र येतो. ‘ॲ’ला स्वतःची जागा २००८ साली मिळाली. मराठी वळणाचे ल आणि श हवेत? तो मात्र खरोखर फॉन्टचा प्रश्न, चांगला फॉन्ट निवडा! छपाईच्या सॉफ्टवेअरला पूर्वी युनिकोडमधली जोडाक्षरं झेपत नसत, हे खरं. आता झेपतात. "हाताला जुनी सवय आहे," असं डीटीपीवाले म्हणतात. त्यात चूक काही नाही. टाइपरायटरच्याच मांडणीनं युनिकोड उमटवणारे कळफलक मिळतात. फॉन्ट, कळफलक आणि साठवण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं कळलं की निम्मं भांडण मिटतं.

"पण पीडीएफ आहे ना आमच्याकडे!" आहे की. दिसतेही सुरेख. आता तिच्यात ‘पुणे’ हा शब्द शोधून दाखवा. सापडणार नाही, कारण फाइलमध्ये ‘पुणे’ नाहीच. दृष्टिहीन वाचकाला मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्यावर इंग्रजी अक्षरं बरळत बसतं.

चिडायचं कारण हे की यात खरंच काहीतरी बुडतंय. आपल्याकडे घराघरांत कुलवृत्तांत, आजोबांच्या आठवणी, संस्थांच्या स्मरणिका अशाच फॉन्टांत टाइप होऊन पडल्यात. ओळखीतल्या एका घराण्याला कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायची होती. जुनी फाइल शाबूत होती, फॉन्ट काही सापडेना. शेवटी छापील पुस्तक समोर ठेवून सगळी नावं पुन्हा टाइप करायला बसले. कागदाला वाळवी लागली तर निदान भोकं तरी दिसतात हो!

तेव्हा नातेवाईक मंडळींना हात जोडून विनंती. जुन्या मराठी फाइली आत्ताच शोधा, फॉन्टचं नाव कळतंय तोवर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठीची साधनं फुकट मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून मात्र घाला, पहिली वेलांटी आणि रफार हटकून जागा सोडतात. आणि ब्लॉगर मित्रहो, पुस्तक छापायला द्याल तेव्हा पीडीएफवर समाधान मानू नका, युनिकोडमधला मजकूरही मागून घ्या. पैसे तुम्ही मोजलेत, अक्षरंही तुमचीच आहेत.

आणि यापुढे कुणी ‘फॉन्ट पाठवतो’ म्हणालं, तर शांतपणे सांगा: फॉन्ट नको, मराठी पाठव.