रस्त्याकडेचा दवाखाना वस्तीचा असेल तरच टिकेल

शनिशिंगणापूर म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. घरांना कडी-कुलूप नसणे ही एक आणि शनीचा चौथरा ही दुसरी. २०११ साली इथे बँकेची शाखा आली, तीसुद्धा बिनकुलपाची म्हणून गाजली. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बायांना चौथऱ्यावर जाता आले, ती बातमी देशभर झाली. आम्हाला आज तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचे आहे. ती मंदिरात नाही, मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे.

घोडेगावला नगर-संभाजीनगर महामार्ग सोडला की शिंगणापूरचा फाटा लागतो. शनिवारी आणि शनी अमावास्येला या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीवर ज्यांची चूल पेटते ती माणसे बघा. तेल, नारळ, रुईच्या माळा विकणाऱ्या बाया. हॉटेलात भांडी घासणारी पोरे. झाडूवाले, जीपवाले, मंदिराच्या वाटेवर हात पसरून बसलेले म्हातारे. घोडेगावच्या कांदा बाजारातले हमाल आणि कांदा निवडणाऱ्या बाया. हंगामात सोनईच्या साखर कारखान्यासाठी येणाऱ्या ऊसतोडीच्या टोळ्या. यात आपली माणसे किती, हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

या माणसांचे आजार ओपीडीच्या वेळेत बसत नाहीत. दवाखाना सकाळी उघडतो तेव्हा त्यांचा धंदा सुरू झालेला असतो. गेले तर दिवसाचा रोज बुडतो. म्हणून ताप अंगावर काढायचा, अंगदुखीला मेडिकलमधून गोळी घ्यायची, फारच झाले तर सुई टोचून सलाईन लावणारा कोणी गाठायचा. रक्तदाब आहे हे अर्धे अंग लुळे पडल्यावर कळते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तरी बेडका तपासला जात नाही. ऊसतोड बाईची गरोदरपणाची नोंद तिच्या गावी असते, बाळंतपण मात्र फडावर येऊन ठेपते.

दवाखाने नाहीत असे आमचे म्हणणे नाही. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला उपकेंद्र आणि ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र असा सरकारी नियम आहे. पण तो हिशोब गावात राहणाऱ्यांचा. रस्त्यावर राबणारा आणि हंगामापुरता आलेला माणूस त्या मोजणीत धड येत नाही. म्हणून या रस्त्याच्या कडेला, संध्याकाळी उघडा राहणारा एक छोटा दवाखाना हवा असे आमचे मत आहे. आणि तो वस्तीने उभा करावा. कोणी दाता येऊन बांधून देईल याची वाट बघू नये.

हा प्रश्न जगात इतरांनाही पडला होता. आफ्रिकेत लांबच्या रस्त्यांवर धान्य पोहोचवणारे ट्रक उभे राहू लागले, कारण चालक एड्सने मरत होते. त्यातून २००६ साली नॉर्थ स्टार अलायन्स ही संस्था निघाली. तिने मालवाहू लोखंडी कंटेनरचे निळ्या रंगाचे दवाखाने केले आणि ते सीमेवर, ट्रक थांबतात त्या जागी नेऊन ठेवले. चालक गाडी लावतात ती संध्याकाळची वेळ हीच दवाखान्याची वेळ ठरवली. चालकांबरोबर रस्त्यावर धंदा करणाऱ्या बाया आणि आसपासचे लोकही तिथे येऊ लागले. यातून आपण एवढेच घ्यायचे की रोगी जिथे आणि ज्या वेळी सापडतो, तिथे आणि त्या वेळी दवाखाना न्यायचा.

पण खोके ठेवले म्हणजे दवाखाना झाला असे नाही. तो चालवतो कोण, यावर सगळे अवलंबून असते. हे शिकायला आफ्रिकेत जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बीडच्या हद्दीजवळ जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले. पुढे आफ्रिकेसह अनेक देशांतले लोक जामखेडला शिकायला आले.

आरोळ्यांनी आधी मोठे रुग्णालय बांधले नाही. सुरुवात झाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत, आणि ती जागा गावाने दिली. दुष्काळात पोरांच्या खाण्यासाठी गावांनी मिळून स्वयंपाक केला. मग गावोगाव शेतकऱ्यांची आणि बायांची मंडळे झाली. प्रत्येक गावाने आपली एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडली. त्यांतल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या आणि कितीतरी दलित होत्या. त्या आठवड्याला जामखेडला जायच्या, शिकायच्या आणि गावात येऊन शिकलेले करायच्या. १९७१ च्या सुमारास तिथे जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा पंचविसाच्या आसपास आला. औषधांचा वाटा त्यात होताच. पण मोठे काम स्वच्छ पाणी, पोटभर खाणे, लस आणि सुरक्षित बाळंतपण यांनी केले, आणि ते घरोघर नेले त्या बायांनी.

पाण्याची गोष्ट तर प्रत्येक वस्तीने लक्षात ठेवावी. हातपंपाची जागा ठरवताना तो दलित वस्तीत बसेल असे आरोळ्यांनी पाहिले. मग सवर्ण घरांतल्या बायांनाही पाण्यासाठी तिथे यावे लागले. दवाखान्याची जागा कुठे, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. जागा कुठे हे ठरले की कोण कोणाच्या दारात येणार हेही ठरते. आणि जिच्या हातचे पाणी कालपर्यंत चालत नव्हते, तिनेच बाळाची नाळ कापली आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवला, की विटाळ किती दिवस टिकतो?

आपल्याला ही वाट नवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आणि डॉ. यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला माईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले. त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या वस्तीत कोणी पाऊल ठेवत नव्हते तिथल्या रोग्यासाठी तो दवाखाना होता. आपण माईंची जयंती करतो, फोटोला हार घालतो. तिच्या दवाखान्याची आठवण मात्र फारशी काढत नाही.

आता काही जण विचारतील, हे तर सरकारचे काम, आपण का करायचे? बरोबर आहे. डॉक्टर, औषधे, लस, बेडका तपासणी ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती आम्ही सोडणार नाही. पण गावात आरोग्य, पोषण, पाणी आणि स्वच्छता यांची समिती असते, तिला दरवर्षी निधीची तरतूद असते. त्या समितीच्या सभेला आपल्यातले किती जण जातात? आपण गेलो नाही तर तो पैसा कुठे खर्च होतो हे विचारणार कोण? वस्तीचा दवाखाना आणि त्याची वही असेल, तर सरकारपुढे जाताना आपल्या हातात पुरावा असतो. इतके रक्तदाबाचे रोगी, इतक्या गरोदर बाया, इतके जण खोकत आहेत. मागणीला तेव्हा वजन येते.

दुसरे म्हणतील, देवस्थान श्रीमंत आहे, त्यांनाच सांगा. अवश्य सांगू. या रस्त्यावरच्या माणसांच्या घामाने ती यात्रा चालते, तेव्हा तिथले पैसे आरोग्याला लागले तर ते कोणाचे उपकार नव्हेत. पैसे कोणाचेही घ्या, पण किल्ली आणि वही आपल्याकडे ठेवा. ज्याच्या हाती किल्ली असते तो दवाखाना कधी बंद करायचा हेही ठरवतो.

तिसरे म्हणतील, हातावर पोट असलेल्यांनी वर्गणी कुठून द्यायची? जामखेडच्या लोकांनी पैसे थोडे दिले. जागा दिली, धान्य दिले, अंगमेहनत दिली. आपण एक खोली देऊ शकतो, दिव्याची आणि पाण्याची सोय करू शकतो, आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकतो.

आम्ही नर्सिंग शिकलेल्या बाया आहोत, म्हणून काही गोष्टी रोखठोक सांगतो. औषध लिहून देणे हे नोंदणीकृत डॉक्टरचे काम आहे. वस्तीच्या सेविकेने डॉक्टर होऊ नये आणि सलाईनचे दुकानही मांडू नये. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डॉक्टर यावेत. बाकीच्या संध्याकाळी रक्तदाब आणि साखर मोजणे, जखम धुऊन बांधणे, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवणे, खोकणाऱ्याला तपासणीला धाडणे, गरोदर बाईचे कार्ड बघणे, १०८ ची गाडी बोलावणे एवढे झाले तरी पुष्कळ. रस्ता आहे म्हणजे अपघातही होणार. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी त्रास देऊ नये असे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही ते संरक्षण आले. भिऊन मागे सरू नका.

दवाखान्याच्या समितीत निम्म्याहून जास्त बाया असाव्यात. सेविका वस्तीने निवडावी, कोणा पुढाऱ्याने नेमू नये. जमाखर्च दर महिन्याला विहारात वाचून दाखवावा. बाहेरून आलेली ऊसतोड मजूर बाई इथली नाही म्हणून परत जाऊ नये. कोणत्या जातीची, कोणत्या गावची हा प्रश्न आपल्या दारात तरी नको. तो प्रश्न आपल्याला पिढ्यानपिढ्या विचारला गेला आहे.

शिंगणापूर, सोनई, घोडेगावच्या वस्त्यांतल्या बायाबहिणींनो, येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास जास्त बसा. तीन गोष्टी ठरवा. खोली कोणाची, सेविका कोण आणि वही कोण लिहिणार. एवढे ठरले की डॉक्टर मागायला पंचायतीत आणि आरोग्य केंद्रात सगळ्या मिळून जाता येईल. आम्ही बरोबर येऊ.

जय भीम.