गर्भवतीच्या मनाचं औषध



पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. आईला त्रास नको म्हणून महावीरस्वामी गर्भात निश्चल झाले. त्रिशलामातेला वाटलं, गर्भ गेला. ती शोकात बुडाली आणि सिद्धार्थ राजाच्या महालातलं गाणं-वाजवणंही थांबलं. गर्भ हलला तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मला ते थांबलेलं वाजवणं फार मोठं वाटतं. सगळं घर तिच्यासोबत थांबलं.

आपल्या घरात सून सहाव्या महिन्यात उदास बसली, की "रडू नको, बाळावर परिणाम होईल" म्हणून आपण तिला गप्प करतो आणि मोबाईलवर गर्भसंस्कार लावून देतो. नवकार जपावाच. पण दोन आठवड्यांच्या वर झोप नाही, जेवण नको, कशात मन नाही, जगणंच नको वाटतं, तर तो आजार आहे. बीपी वाढला तर आपण नुसता जप सांगतो का?

गोळ्यांनी बाळाला बाधा होईल, ही भीती रास्तच. पण मी कॉमर्सची. जमाखर्चात एकच बाजू लिहून चालत नाही. उपचार न केलेल्या नैराश्यानेही दिवस भरण्याआधी बाळंतपण, कमी वजनाचं बाळ हे धोके वाढतात. त्रास सौम्य असेल तर बरेचदा समुपदेशनानं भागतं. जास्त असेल तर डॉक्टर सर्ट्रालिनसारखी गोळी देतात. गरोदरपणात ती बरीच वापरली गेली आहे. काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस किरकिरी असतात, म्हणून बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना गोळी सांगून ठेवावी. मनाच्या सगळ्याच गोळ्या चालत नाहीत. फिट्स आणि मनाच्या चढउतारांसाठी देतात ते व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून काही आणू नका. आणि आधीपासून चालू असलेली गोळी दिवस राहिले म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

चौविहार असेल तर गोळी सकाळी घेता येईल का, जिलेटिनच्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी मिळेल का, हे बिनधास्त विचारा.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. आपण तिथे वजन, रक्त सांगतो, तसंच मनाचंही सांगायचं. टेली-मानसचा १४४१६ हा फोन रात्रंदिवस मोफत आहे, मराठीत बोलता येतं. घरात बोलायला संकोच वाटला तर सुनेनं गच्चीवर जाऊन बोलावं. तेवढ्या वेळात फोडणी आपण सासवांनी द्यावी.